एका झाडावर चार घरांचे आंबे: मुंबईत कलम कसं करायचं आणि काडी कशी मागायची

मुंबईत बाग करणाऱ्याला जागेचं रडगाणं चुकलेलं नाही. सोसायटीने गच्चीवर चार ड्रम ठेवू दिले तर नशीब, नाहीतर मग खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचं "पाणी टपकतंय हो" हे रोजचं. पण हौस काही जागा बघून येत नाही, हापूस हवा, केसर पण हवा, लोणच्याला एखादा आंबट हवा, आणि गावच्या परसातला तो बिननावाचा रायवळ, ज्याचा रस कोपरापर्यंत ओघळायचा, तोसुद्धा हवा. एवढी झाडं लावणार कुठे? म्हणून माझं सरळ म्हणणं असं की झाडं गोळा करूच नका, झाड एकच ठेवा आणि त्याच्यावर फांद्या गोळा करा. ओळखीच्या बागवाल्यांकडे रोप मागायचं नाही, काडी मागायची. रोपाची पिशवी घेऊन संध्याकाळच्या विरार फास्टच्या लेडीज डब्यात चढून बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल, काडी मात्र डब्याच्या पिशवीत आरामात मावते.

हे काही नवीन नाही. उत्तर प्रदेशात मलिहाबादला कलीमुल्ला खान यांनी एकाच आंब्याच्या झाडावर ३०० च्या वर जाती बांधल्यात, २००८ साली त्यांना पद्मश्री पण मिळाली. आपल्याला तीनशे नकोत, ड्रममधल्या झाडावर तीन-चार जाती नीट जगल्या तरी खूप झालं, आणि ते घरच्या घरी जमण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढची निम्मी फसगत टळेल. कलम म्हणजे एका झाडाची मुळं आणि दुसऱ्या झाडाची काडी. मुळांवालं झाड तो खुंट, वर बसते ती कलमकाडी. खोडाची साल सोलली की आत लाकडाला चिकटून एक ओलसर, बुळबुळीत पातळ थर असतो, त्याला कँबियम म्हणतात, खुंटाचा तो थर आणि काडीचा तो थर एकमेकांना चिकटून राहिले की सांधा जुळतो, नाही चिकटले तर बाकी कितीही सुंदर बांधलं असेल तरी काडी काळी पडते. नारळ, सुपारी, केळी यांच्या खोडात असा थरच नसतो त्यामुळे त्यांचं असं कलम होत नाही. केळीच्या खांबात आंब्याची काडी खोचून महिन्यात आंबे लागलेले दाखवणारे जे व्हिडिओ फिरतात ना ते बघा, हसा आणि पुढे ढकलू नका प्लीज, दर पावसाळ्यात कोणीतरी मला तेच पाठवतं.

कशावर काय चालतं तर ढोबळमानाने आंब्यावर आंबा, पेरूवर पेरू, जांभळावर जांभूळ. लिंबूवर्गात जरा मोकळीक आहे, मोसंबी-संत्र्यासाठी रंगपूर लाईम किंवा जंबेरीचा खुंट वापरतात, आणि एकाच झाडावर लिंबू आणि मोसंबी दोन्ही घेता येतात. चिकूला खिरणीचा, म्हणजे रायणीचा खुंट, घोलवड-डहाणूकडची कलमं बहुतेक तशीच असतात. आंबा आणि काजू एका कुळातले असले तरी एकमेकांवर बांधायच्या भानगडीत पडू नका.

आणि कोय लावून का नाही चालत? लावा की, झाड येईल, पण हापूसच्या कोयीतून हापूस येईल याचा भरवसा नाही, कारण त्यात परागकण कुठल्या झाडाचा आलाय कोणाला माहीत. शिवाय फळ धरायला सहा-आठ वर्षं थांबा. फळ देणाऱ्या झाडाची काडी मात्र आधीच वयात आलेली असते, म्हणून कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळं देऊ लागतं. कागदी लिंबाचं वेगळं आहे, त्याच्या एका बीमधून एकापेक्षा जास्त रोपं उगवतात आणि त्यातली बरीचशी आईसारखीच निघतात, तिथे बीवर भागतं.

आता वेळ कधीची. कोकणातल्या नर्सऱ्यांमध्ये कोय कलमाचा, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधायच्या कलमाचा, हंगाम म्हणजे पावसाळा, कारण हवेत दमटपणा लागतो आणि तो जून ते सप्टेंबर आपल्याकडे फुकट मिळतो, एरवी ज्या दमटपणाला आपण शिव्या घालतो तोच इथे कामाला येतो. पण दमट हवा वेगळी आणि सांध्यात शिरलेलं पाणी वेगळं. कुंडीतलं रोप बाल्कनीत छपराखाली ठेवता येत असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बिनधास्त करा. गच्चीवरच्या मोठ्या झाडाला फांदी बांधायची असेल तर मी पावसाचा जोर उतरेपर्यंत थांबते, साधारण गणपतीनंतर ते ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आधी जी मधली फट मिळते ती. लिंबूवर्गाचे डोळे भरायचे, म्हणजे अख्ख्या काडीऐवजी तिचा नुसता एक डोळा खुंटाच्या सालीत बसवायचा, तर थंडी बरी. मे महिन्यात हात शिवशिवले तरी गप्प बसा.

सगळ्यात जास्त लोक कुठे गंडतात तर चाकूवर नाही, काडीवर. एखाद्या मैत्रिणीकडे चहाला गेलो, झाड आवडलं, तिने मोठ्या मनाने एक फांदी मोडून दिली, घरी आणून बांधली आणि वाळली, मग म्हणायचं माझ्या हाताला कलम लागत नाही. हाताला काही झालेलं नसतं, काडीच तयार नव्हती.

आंब्याची काडी घ्यायची ती शेंड्याची, तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, जिचा कोवळा हिरवेपणा जाऊन रंग जरा राखाडीकडे झुकायला लागलाय, आणि जिच्यावर यंदा मोहोर आलेला नाही. अशी फांदी झाडावरच निवडायची आणि कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं कात्रीने छाटून टाकायची, पानाचं पातं काढायचं पण देठाचा अर्धा-एक सेंटिमीटरचा तुकडा फांदीवर तसाच ठेवायचा. पानं गेली की शेंड्याचा डोळा फुगायला लागतो. आठवडाभराने त्या देठाच्या तुकड्यांना बोट लावून बघा, नुसत्या स्पर्शाने टपकन गळून पडत असतील आणि मागे स्वच्छ कोरडा वण राहत असेल तर काडी तयार आहे. ओढावा लागत असेल तर अजून दोन-तीन दिवस. डोळा फुगलेला हवा पण फुटलेला नको, हिरवं टोक बाहेर डोकावायला लागलं म्हणजे उशीर झाला.

याचा अर्थ काय, तर काडी मागायची असेल तर आठ-दहा दिवस आधी फोन करायला लागतो. "ताई, पुढच्या रविवारी येते, तुमच्या केसरच्या दोन शेंड्यांची पानं आजच छाटून ठेवाल का, देठ राहू द्या" एवढं सांगितलं की झालं. जे देणारे आहेत त्यांना याचं काही वाटत नाही, उलट समोरच्याला काम कळतंय म्हणून खूश होतात आणि दोनच्या जागी चार काड्या ठेवतात.

काडी कापली की ती मरायला लागलेली असते हे लक्षात ठेवून वागायचं. सकाळी लवकर कापा. कालचा पेपर ओला करून घट्ट पिळा, पाणी ठिबकता कामा नये, त्यात काड्या गुंडाळा, झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा. बाटलीतल्या पाण्यात उभ्या करून आणू नका. आणलेल्या दिवशी बांधणं सगळ्यात उत्तम, नाहीच जमलं तर फ्रिजच्या भाजीच्या ट्रेमध्ये तीन-चार दिवस राहतात, फ्रीझरमध्ये चुकूनही नाही. कुरियरने पाठवायच्या असतील तर कापलेल्या टोकाला मेणबत्तीचं मेण जरा निवल्यावर लावा, आणि शुक्रवारी पाठवू नका, रविवारभर गोडाऊनमध्ये उकडून निघतात.

हत्यारं फार लागत नाहीत. कलमाचा खास चाकू मिळतो पण स्टेशनरीच्या दुकानातला कटर, नवीन पात्याचा, सुरुवातीला पुरतो. फांदी छाटायला सिकेटर. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट, प्रत्येक झाडानंतर पातं पुसायला. बांधायला ग्राफ्टिंग टेप ऑनलाइन मिळते, ती नसेल तर प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते, ताणली जाते, चिकटपणा नसल्यामुळे सालीला त्रास नाही, वरून थोडी इन्सुलेशन टेप मारायची म्हणजे सुटत नाही. टोपीसाठी पेप्सीकोल्याची ती लांब पातळ नळी, रिकामी, धुतलेली, जी काडीवर मोजासारखी चढते. नर्सरीवाले हेच वापरतात.

आधी रद्दी फांद्यांवर हात बसवा. पावसाच्या आधी महापालिका रस्त्यावरच्या झाडांची छाटणी करते तेव्हा कोपऱ्यावर ढीग पडलेला असतो, त्यातल्या पेन्सिलीएवढ्या फांद्या उचलून आणा आणि संध्याकाळभर नुसत्या पाचरी कापत बसा. एका हातात जाड हातमोजा घाला, पातं अंगठ्याच्या दिशेने कधीच ओढू नका. हां, आणि ढिगातलं उचलणं वेगळं, उभ्या झाडाची फांदी कापणं वेगळं. रस्त्यावरच्या किंवा पार्कातल्या झाडाला हात लावू नका, अगदी सोसायटीच्या आवारातल्या झाडाची छाटणी करायची तरी महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते.

चला आता प्रत्यक्ष पाचर कलम, आंब्याचं. कुंडीत वाढवलेलं वर्ष-दीड वर्षाचं रायवळचं रोप घ्या, काडीएवढंच जाड. आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवा. जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर खुंट आडवा कापा, खाली चार-सहा पानं राहिली तर बरं. आंब्याचा चीक येतो, तो दोन मिनिटं वाहू द्या आणि कोरड्या कपड्याने टिपा, डोळ्यात उडू देऊ नका, कातडीवर राहिला तर काहींना चांगला भाजल्यासारखा डाग पडतो. फणसाच्या सवयीने चाकूला तेल लावणारे आहेत, इथे अजिबात नको, कापलेल्या जागेवर तेल लागलं की संपलं.

खुंटाच्या बरोबर मध्यावर पातं ठेवून सरळ खाली साडेतीन-चार सेंटिमीटर चीर द्या. मग काडी घ्या, दहा-बारा सेंटिमीटर लांबीची पुरते, आणि खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी उतरता काप देऊन पाचर करा, चिरेएवढ्याच लांबीची. सगळं कसब इथे आहे. पातं एकदा ठेवलं की एका दमात, न थांबता, खालपर्यंत ओढायचं. पेन्सिलीला टोक काढतो तसं खुडुक खुडुक करत कापलं तर पृष्ठभाग खाचाखोचांचा होतो आणि मध्ये हवा राहते. कापलेली बाजू उजेडाकडे धरून बघा, दोन्ही कडांना सालीच्या आत हिरवट रेघ दिसेल, मधलं लाकूड फिकट. ती हिरवट रेघ तुमची. कापलेल्या जागेला बोट लावू नका, फुंकर मारू नका.

पाचर चिरेत सरकवा, पूर्ण खालपर्यंत. काडी आणि खुंट सारखेच जाड असतील तर दोन्ही बाजूंच्या रेघा जुळतील. काडी बारीक असेल तर ती मधोमध बसवायचा मोह होतो, दिसायला छान दिसतं पण मग कुठलीच बाजू जुळत नाही, म्हणून काडी एका कडेला सरकवा आणि एक बाजू तरी नीट जुळवा, एका बाजूवर कलम जगतं. आता टेप खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत, ताणून. खालून वर का तर पाणी वरून ओघळलं की कौलांवरून जातं तसं बाहेरून निघून जावं. सांध्याच्या वर थोडी जास्तच गुंडाळा. मग काडीवर पेप्सीकोल्याची नळी घाला आणि सांध्याच्या खाली बांधून टाका. झालं. सावलीत ठेवा, थेट ऊन नको, पाणी कुंडीत घाला, झाडावरून नको.

यानंतर रोज उठून टोपी उघडून बघायची नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. कधीकधी आठ-दहा दिवसांतच पालवी दिसते आणि घरात पेढे वाटायची वेळ येते, पण थांबा, ती पालवी काडीतल्या साठलेल्या अन्नावर आलेली असते, खाली सांधा अजून जुळलेला नसतो. अशा वेळी आनंदाने टोपी काढली की दोन दिवसांत ते कोवळं पान मान टाकतं. पानं जरा मोठी होऊन नळीला टेकायला लागली की मग, तेही संध्याकाळी, आधी टोपीचं तोंड सैल करा, दोन दिवसांनी काढा. खुंटावर सांध्याच्या खाली जे फुटवे येतात ते दिसले की खुडा, दया दाखवू नका, तो रायवळ आहे आणि त्याला कलमापेक्षा जास्त घाई असते. टेप दोन-तीन महिन्यांनी, वरची पानं गडद हिरवी झाल्यावर, उभी चीर देऊन काढून टाका, राहिली तर खोडात रुतते आणि वारा आला की नेमकं तिथेच मोडतं.

काडी काळी पडली तर ती गेली, सांध्याच्या खाली कापून पुन्हा करता येतं, खुंट मरत नाही. हिरवी राहिली पण फुटतच नाही असं असेल तर महिना-दीड महिना वाट बघा.

एकाच झाडावर अनेक जाती बांधायच्या तर हेच, फक्त खुंटाच्या जागी त्या झाडाची फांदी. सगळ्या फांद्या एका वर्षात कापू नका, झाडाला खायला पानं राहू द्यात. जातींचा जोर सारखा नसतो, आम्रपालीसारखी बुटकी जात खालच्या फांदीवर आणि वर दांडगी जात बांधली तर बिचारीला ऊन मिळत नाही, म्हणून कमी जोराची वर, मधोमध, आणि जोरवाली बाजूला, शिवाय दरवर्षी जोरवालीला कात्री. ड्रमसाठी माझ्या आवडीचे म्हणाल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रत्ना, नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेला, १९८१ चा, त्याला हापूससारखा आत साका, म्हणजे गरात पांढरट स्पंजासारखा खराब भाग, पडत नाही. त्याच विद्यापीठाचा सिंधू, १९९२ चा, रत्ना आणि हापूसच्या संकरातून, ज्याची कोय अगदी चपटी पातळ असते. हापूसच हवा असा हट्ट असेल तर ठेवा एक फांदी, पण तो एक वर्ष देतो एक वर्ष रुसतो, आणि मुंबईच्या गच्चीवर तर रुसायची कारणं भरपूर.

पेरू, डाळिंब, लिंबू, जाम, यांच्यासाठी कलम बांधत बसण्यापेक्षा गुटी सोपी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणायची आणि मग कापून लावायची. हाताच्या करंगळीएवढी वर्षभराची फांदी, तिच्यावर अडीच-तीन सेंटिमीटरची सालीची अंगठी काढायची आणि आतलं बुळबुळीत सगळं पात्याच्या पाठीने खरवडून टाकायचं, थोडं जरी राहिलं तरी झाड ती जखम भरून टाकतं आणि मुळं येतच नाहीत. मॉस, म्हणजे नर्सरीत मिळतं ते सुकं शेवाळ, रात्रभर भिजवून घट्ट पिळून त्या जागी मुठीएवढा गोळा, वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने करकचून. पावसाच्या सुरुवातीला बांधली तर दीड-दोन महिन्यांत आतून पांढरी मुळं दिसतात, ती तपकिरी व्हायला लागली की गोळ्याच्या खाली अर्धी चीर, आठवड्याने पूर्ण कापा, सावलीत कुंडीत. एकच अडचण, आपले कावळे. चकचकीत प्लास्टिक दिसलं की उपसून काढतात, म्हणून वरून जुन्या कापडाची पट्टी गुंडाळा. बोरिवली नॅशनल पार्कच्या आसपास राहणाऱ्यांना माकडांचं सांगायला नकोच.

आणि जे नुसत्या छाट काडीने येतं त्याला तेवढंच करा. अंजीर, तुती, शेवगा, द्राक्ष यांची पक्व काडी, चार डोळ्यांची, खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापायचं म्हणजे देताना-घेताना उलटं लावलं जात नाही, आणि उलटी लावलेली काडी जगत नाही. दोन डोळे मातीत, दोन बाहेर. ड्रॅगन फ्रूटचा तुकडा आधी चार-पाच दिवस सावलीत सुकवा, लगेच लावला तर कुजतो. रूटिंग पावडर मिळाली तर चिमूटभर लावा, मध आणि दालचिनी लावणाऱ्यांशी माझं भांडण नाही पण त्यात मुळं आणणारं काही नसतं.

आता देवाणघेवाण. ही माणसं भेटतात कुठे तर भायखळ्याच्या राणीबागेत महापालिकेचं झाडं-फुलं-फळांचं प्रदर्शन भरतं, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे जा, फोटो काढत फिरू नका, कुंडीसमोर उभं राहून जो स्वतःशी पुटपुटतोय त्याच्याशी बोला. वसईला कोणाची वाडी असेल, गोराई-मनोरीला कोणी ओळखीचं असेल तर सोन्याहून पिवळं. आपल्याच सोसायटीतल्या वॉचमनना विचारा, त्यांच्या गावाकडे काय काय असतं ते ऐकून चाट पडाल. भेटायची जागा शक्यतो स्टेशनचा पूल, मध्य आणि पश्चिम दोन्हीकडच्यांना दादर बरं पडतं, फक्त गर्दीच्या वेळी नको.

देताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. पहिली नाव. जातीचं नाव, झाड कुठलं, तारीख. मार्कर उन्हात उडतो, त्यापेक्षा कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापा आणि बॉलपेनाने दाबून लिहा, अक्षर पत्र्यात उमटतं आणि वर्षानुवर्षं राहतं, कडा मात्र घासून घ्या. जात नक्की माहीत नसेल तर "रत्नागिरीकडचा, गोड, नाव माहीत नाही" असंच लिहा. नर्सरीवाल्याने सांगितलं म्हणून बेधडक हापूस लिहायचं आणि समोरच्याने चार वर्षं वाट बघून भलतंच फळ खायचं हे बरं नाही. चार जातींच्या झाडावर नावं गेली की काय कुठे होतं हे तर ब्रह्मदेवाला पण सांगता येत नाही.

दुसरी रोगराई. काडीबरोबर पिठ्या ढेकूण येतो, खवले कीड येते. आंबा असो पेरू असो, पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की ती काडी द्यायची नाही आणि घ्यायचीही नाही, भीड ठेवू नका. लिंबूवर्गाच्या बाबतीत मी फार कडक आहे, पानांवर-फांदीवर उंचवट्याचे तपकिरी खरखरीत ठिपके असले तर तो खैऱ्या रोग, आणि काही विषाणू तर बाहेरून दिसतही नाहीत पण डोळ्यातून पुढच्या झाडात जातात, म्हणून पिवळट, खुरटलेल्या झाडाची लिंबाची काडी कोणी फुकट दिली तरी "नको काका, पुढच्या वेळी" म्हणा. मुळांसकट काही आलं तर पंधरा-वीस दिवस बाकीच्या कुंड्यांपासून लांब, जिन्याजवळ वगैरे ठेवा.

हिशोब लावू नका, दोन घेतल्या तर दोनच दिल्या पाहिजेत असं नाही. पण नुसतंच मागत फिरणारे लोक लवकर ओळखू येतात. नवीन माणूस म्हणतो माझ्याकडे द्यायला काय आहे, एक फुटकी तुळस. त्याला माझं उत्तर असं की खुंट तयार करा. सगळ्यांकडे काड्या असतात, ऑगस्टमध्ये बांधायला रायवळचे खुंट कोणाकडेच नसतात, आणि मे-जूनमध्ये अख्खी मुंबई आंबे खाऊन कोयी कचऱ्यात टाकते. शक्यतो रायवळच्या, लोणच्याच्या आंब्याच्या पाडाला आलेल्या कोयी घ्या, धुवा, दोन दिवस सावलीत सुकवा, कडेने कात्रीने टरफल कापून आतली बी काढा, भुंग्याने पोखरलेली असेल तर फेका, आणि ताजीच लावा, महिनाभर ठेवलेली कोय उगवत नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडून माती आणि शेणखत भरा, बी आडवी ठेवून वर बोटभर माती. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब वर येतात. दहा-पंधरा दिवसांच्या त्या कोवळ्या, लालसर पानांच्या रोपावरच कोय कलम बांधतात, पद्धत वर सांगितली तीच, फक्त हात हलका, चीर लहान आणि काडी बारीक. ज्यांना कोवळ्यावर हात थरथरतो त्यांच्यासाठी उरलेली रोपं पुढच्या वर्षीपर्यंत पेन्सिलीएवढी होतात. वीस पिशव्या कठड्याखाली सहज मावतात, त्यातल्या दहा वाटून टाका आणि मग काडीसाठी फोन करा.